काजूचा रोठा आणि आम्ही तिघं

मला नोकरीत बढती एकदाच मिळाली. किस्से मात्र दर आठवड्याला मिळायचे. मी ते जमवायला गेलो नाही. बांधावरून चालताना धोतराला कुसळं लागतात तसे ते लागत गेले, आणि घरी येऊन झटकले तरी दोन-चार राहायचेच. आता तुम्ही मंडळी जमलात की कोणीतरी विचारतंच, "यार, तू सरकारी नोकरीत नक्की करत काय होतास?" म्हणून एकदा सांगून टाकतो.

मी काजूच्या झाडातल्या अळ्या काढत होतो.

हसू नका. त्यासाठी परीक्षा द्यावी लागली होती.

पन्नास साल उलटून थोडी वर्षं झाली होती. त्या वेळी वर्सोव्याला, मढला, बोरिवलीच्या डोंगराकडे, तिकडे मुलुंड-नाहूरलाही घरामागे काजूची झाडं असायची. त्यांना एक कीड लागली होती. तपकिरी रंगाचा, लांब मिशांचा भुंगेरा बुंध्याच्या सालीच्या फटीत अंडी घालतो. अंड्यातली अळी साल पोखरून आत शिरते आणि महिनोन् महिने आतून झाड खात बसते. बाहेर दिसतं काय? बुंध्याशी चिमूटभर भुसा आणि थोडा डिंक. मग पानं पिवळी पडतात, मग झाड जातं. कोकणात या किडीला रोठा म्हणतात. या रोठ्याचा बंदोबस्त करायला अंधेरीला एक ऑफिस उघडलं होतं. दोन खोल्या आणि तीन माणसं.

पहिले करंदीकर साहेब. पुण्याहून शेतकीची डिग्री घेऊन आलेले. शर्टाला इस्त्री, बोलण्याला इस्त्री, चेहऱ्यालाही इस्त्री. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही आणि रागावतानाही नाही. दुसरा गावडे, वेंगुर्ल्याकडचा. आधी गिरणीत होता, पण काजूतलं त्याला आमच्या दोघांपेक्षा जास्त कळायचं. तिसरा मी, सामंत. मॅट्रिक पास, टायपिंग येणारा, राहायला वाकोल्याला.

पहिल्या दिवशी साहेबांनी टेबलावर एक काचेची बाटली ठेवली. आत स्पिरिटमध्ये बोटाएवढी पांढरट अळी.

"सामंत, नीट पाहून घ्या. हा आपला शत्रू."

मी नीट पाहिलं. म्हटलं, "सर, हा मेलेला आहे."

"हो," साहेब म्हणाले. "हा एकच."

* * *

साहेबांचा विज्ञानावर फार विश्वास आणि लोकांना ते समजावून सांगण्यावर त्याहून जास्त. एकदा बोरिवलीला बागवाल्यांची सभा ठेवली. चिंचेखाली तीस-पस्तीस माणसं बसली होती. साहेब उभे राहिले.

"सदर कीटकाची मादी खोडाच्या तळाकडील त्वचेच्या विदरांमध्ये अंडी घालते. अंड्यातून निष्पन्न होणारी अळी अंतर्गत ऊतींचे भक्षण करते, परिणामी अन्नरसाचे वहन खंडित होते..."

असं पंधरा मिनिटं चाललं. समोरची माणसं अगदी शांत बसली होती. एवढी शांत, की साहेबांना शंका आली. ते गावडेकडे वळले. "गावडे, यांना जरा सोप्या भाषेत सांगा."

गावडे उभा राहिला. "भुंगेरो येता. अंडी घालता. पोरां झाड खातत." आणि बसला.

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. "एवढंच?"

"बाकीचा तुम्ही सांगितलास मां, सायबांनू!"

सभेत एकदम जीव आला. मागून एका म्हाताऱ्या बागवाल्याने हात वर केला. "साहेब, यातला नर कोणता आणि मादी कोणती, ते कसं ओळखायचं?"

साहेब खुलले. म्हणजे त्यांनी चष्मा पुसला. मग मिशांची लांबी, शरीराची ठेवण, सगळं खडूने फळ्यावर काढून दाखवलं. नराच्या मिशा लांब, मादीच्या आखूड. दहा मिनिटं गेली.

म्हाताऱ्याने मन लावून ऐकलं. "आणि मारायचं कोणाला?"

"दोघांनाही."

"मग ओळखून काय करू?"

आम्ही ऑफिसात परत आलो. जिना चढताना साहेब थांबले आणि म्हणाले, "सामंत, प्रश्न योग्य होता."

* * *

गावडेची रोठा शोधायची रीत वेगळी होती. तो झाडाच्या बुंध्याला कान लावून डोळे मिटायचा. मिनिटभर थांबायचा. मग बोट ठेवायचा, "हंय आसा." तिथली साल छिन्नीने उचलली की खाली अळी. दहातल्या नऊ वेळा!

"आवाज येतो?" मी विचारलं.

"येता तर. कुरुकुरु. म्हातारो चणे खाता तसो."

साहेबांना हे मान्य नव्हतं. कान हे काही मोजमापाचं साधन नव्हे, असं त्यांचं मत. पण निकाल तर खरा येत होता. त्यांनी यावर चार दिवस विचार केला. त्यांचे मेहुणे पार्ल्याला डॉक्टर होते. पाचव्या दिवशी साहेब ऑफिसात स्टेथोस्कोप घेऊन आले.

आम्ही वर्सोव्याला गेलो. तिथे कोळीवाड्याच्या कडेला, मासळी वाळत घालायच्या जागेमागे, सात-आठ काजू होते. साहेब पहिल्या झाडापुढे उकिडवे बसले. कानांत नळ्या घातल्या आणि बुंध्याला चकती लावली. दोन बोटं वर, दोन बोटं खाली, मग उजवीकडे. मी वही घेऊन मागे उभा. साहेब सांगतील तो आकडा लिहायचा.

दुसऱ्या झाडाला साहेबांनी मान हलवली. "आहे."

तिसऱ्या झाडाशी ते पोचले, तेव्हा मला मागे कुजबुज ऐकू आली. वळून पाहिलं तर बारा-पंधरा माणसं रांग लावून उभी! पुढे एक दांडगी कोळीण. टोपली खाली ठेवलेली आणि पदर खोचलेला.

"डाक्टर, झाडाचा झाला का? आता माज्या पाठीला लाव जरा, खोकला जात नाय."

"बाई, मी डॉक्टर नाही," साहेब म्हणाले.

"झाडाला बघतंस नि मानसाला नाय बघत?"

साहेबांनी समजावून सांगितलं. कीटकशास्त्र सांगितलं, खातं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि सांगून संपल्यावर पाठ करून उभी राहिली. मागची रांग वाढतच होती. शेवटी साहेबांनी तिच्या पाठीला चकती लावली. दोन बोटं वर, दोन बोटं खाली. पूर्ण वेळ घेतला. त्यांना अर्धवट काम करायची सवयच नव्हती.

"भुसा दिसत नाही," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी ऑफिसच्या दारात दोन मोठाले पापलेट आले. बरोबर निरोप होता, की खोकला गेला. साहेब शाकाहारी. त्यांनी पापलेट गावडेला दिले आणि स्टेथोस्कोप मेहुण्यांना.

* * *

आता माझ्यावरचाही एक सांगितला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा दुसऱ्यांचेच सांगतो.

अळी खोडात कोश करते आणि कोशातून भुंगेरा बाहेर येतो. त्याला नक्की किती दिवस लागतात, हे साहेबांना स्वतः पाहायचं होतं. त्यासाठी कीड लागलेल्या काजूचा एक हातभर ओंडका आणला. पण ऑफिसात उंदीर फार. म्हणून साहेब म्हणाले, "सामंत, हा तुम्ही घरी ठेवा. रोज निरीक्षण करा आणि नोंद करा."

वाकोल्याच्या आमच्या दोन खोल्यांत मी तो मोरीच्या बाहेर, कोरड्या जागी भिंतीला टेकवून ठेवला. रोज सकाळी कंदील जवळ नेऊन भोकं बघायची आणि वहीत लिहायचं. 'आज बदल नाही.' असे शहाऐंशी दिवस लिहिलं. शेजारचे बापट मला विचारायला लागले, "काय म्हणतोय तुमचा ओंडका?"

सत्त्याऐंशीव्या दिवशी माझी बायको, सुशी, चार महिन्यांनी माहेराहून आली. आल्या आल्या घर आवरलं. अंघोळीला पाणी काढून मला हाक मारली. त्या दिवशी पाणी असं झकास तापलं होतं म्हणता! मी दोन तांबे जास्तच घेतले. अंग पुसत बाहेर आलो आणि भिंतीकडे पाहिलं.

"सुशी, इथला ओंडका कुठे गेला गं?"

"बंबात. किती वाळलेला होता! एका काडीत पेटला. असलाच आणत जा ना."

वाट लागली! ऑफिसला पायी गेलो. वाटेत काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो, पण साहेबांसमोर उभा राहिल्यावर सरळ सांगितलं, "सर, नमुना जळाला. बंबात गेला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. समोरच्या बाटलीकडे एकदा पाहिलं. मग वही पुढे ओढली.

"तापमान किती होतं?"

"अंघोळीपुरतं, सर."

त्यांनी तसं लिहून घेतलं.

* * *

दोन-अडीच वर्षांत आमचं काम एवढं नीट झालं, की त्यामुळेच पंचाईत आली.

वरून पत्र आलं, की एक मोठे साहेब पाहणीला येताहेत आणि त्यांना झाडातली जिवंत अळी बघायची आहे. आम्ही अंधेरीत शोधलं, नाही. वर्सोव्यात प्रत्येक झाडाला गावडेचा कान लागला, नाही. गोरेगावपर्यंत जाऊन आलो. बुंधे सगळीकडे आम्ही किडीसाठी डांबर लावलेले, स्वच्छ, आणि पानं हिरवीगार. तीन दिवस आम्ही एका अळीसाठी वणवण फिरलो. गावडेच्या कानाला डांबर लागून लागून कान काळा झाला.

शेवटी गावडेलाच आठवलं. मढला बस्त्यावकाका म्हणून एक म्हातारे होते. त्यांच्या दारात काजूचं एकच झाड. पहिल्या वर्षी आम्ही छिन्नी घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी काठी उगारून आम्हाला हाकललं होतं. "माझं झाड मी बघीन. त्याला हत्यार लावायचं नाही."

वर्सोव्याहून होडीतून पलीकडे गेलो. झाड अर्धं पिवळं पडलेलं. बुंध्याशी भुशाची रास! साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच कोणापुढे हात जोडले असावेत. "काका, आम्हाला फक्त अळी दाखवायची आहे. काढायची नाही."

बस्त्यावकाकांनी आम्हा तिघांना खालीवर न्याहाळलं. "तेव्हा काढतो म्हणून आलात. आता दाखवतो म्हणता. कीड नक्की लागलीय कोणाला?"

पण हो म्हणाले.

मोठे साहेब बुटांसकट होडीत बसून आले. गावडेने एका जागची साल उचलली. खाली मस्त गुबगुबीत अळी वळवळत होती. मोठे साहेब वाकून वाकून बघत राहिले. फार खूश झाले.

"बरं झालं, करंदीकर. मला तर वाटलं होतं, इथलं काम संपलं. ऑफिस बंद करायची शिफारस लिहून आणली होती मी. पण हे तर जोरात आहे! चालू द्या, चालू द्या." आणि त्यांनी खिशातला कागद काढून आमच्यादेखत फाडला.

त्यांची होडी पलीकडे पोचेपर्यंत आम्ही धक्क्यावर उभे होतो. मी मनात हिशोब केला, की हे झाड आहे तोवर आपण आहोत. गावडेच्याही मनात तेच चाललं असणार, कारण तो धक्क्यावरून सारखा त्या झाडाकडे बघत होता.

साहेब वळले आणि तडक बस्त्यावकाकांच्या दारात गेले. कोट काढला, घडी करून माझ्या हातात दिला. बाह्या दुमडल्या आणि गावडेच्या हातून छिन्नी घेतली.

"काका, मी शब्द मोडतोय. परवानगी द्या. आज नाही काढली तर तुमचं झाड जाईल."

काका वळून आत गेले. काठी आणायला गेले, असं मला वाटलं. ते पाट घेऊन आले आणि साहेबांना बसायला दिला.

साहेब दोन तास अळ्या काढत होते. आमच्यापैकी कोणाला हात लावू देईनात. गावडेला शेवटी राहवेना. तो खाली वाकून हळूच म्हणाला, "सायबांनू, आपल्याकडलो शेवटचो आसा तो!"

"म्हणूनच," साहेब म्हणाले आणि ती अळी घासलेटच्या डब्यात टाकली.

पुढचे तीन आठवडे ऑफिसात नुसती शांतता होती. मी टाइपरायटर पुसायचो, गावडे छिन्न्यांना धार लावायचा. मग एका सकाळी मुलुंडहून पत्र आलं. 'आमच्या घरामागील काजूंच्या बुंध्याशी भुसा पडत आहे, कृपया पाहून जावे.' गावडेने ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

* * *

मुलुंडचं पत्र एका रिटायर्ड हेडमास्तरांचं होतं. त्यांच्याकडे नऊ झाडं. आम्ही सकाळी जाऊन अळ्या काढल्या, आणि पुन्हा कोणी अंडी घालू नये म्हणून नऊही बुंध्यांना डांबर आणि घासलेटचं मिश्रण लावलं. जमिनीपासून कमरेच्या वरपर्यंत, नियमाप्रमाणे. मास्तर त्या दिवशी जरा घाईत दिसत होते. पण ते काही बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

दुपारी आम्ही पडवीच्या कोपऱ्यात डबे खात बसलो होतो, तेव्हा पाहुणे आले. मास्तरांच्या मुलीला, सुमनला, बघायला. दादरहून मुलगा, त्याची आई, मामा आणि आणखी दोघं. मुलगा एका ऑफिसात नोकरीला होता. पांढरा शर्ट आणि पांढरी पँट. पोहे झाले, प्रश्न झाले. "स्वयंपाक येतो का? शिवण येतं का?" सुमन मान खाली घालून 'हो' म्हणत होती. मुलगा बिचारा अवघडून गेला. मोठी माणसं पत्रिकेत शिरली, तसा तो हळूच उठून मागच्या अंगणात आला. इकडेतिकडे बघितलं, हाताची घडी घातली आणि ऐटीत पाय दुमडून काजूला टेकला.

मी तोंडात घास घेऊन "अहो!" म्हणालो, पण ते कोणाला कळलं नाही.

पाच मिनिटांनी त्याला आत बोलावलं. तो हलला नाही. पुन्हा हाक आली. तो म्हणाला, "येतो," आणि तिथेच राहिला. मग सगळेच बाहेर आले. आईने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हा कसला अपशकुन गं बाई!" मामा त्याचा हात धरून ओढायला लागले.

"ओढू नका!" सुमनने आतून येत सांगितलं. दिवसभरात तिचा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तिच्या एका हातात फडकं होतं आणि दुसऱ्या हातात घासलेटची वाटी. पदर खोचून ती त्याच्या मागे गेली. "हलू नका. केससुद्धा चिकटलेत."

अर्धा तास ती एकेक केस सोडवत होती. तो समोर बघत होता, लाल होऊन. शेवटी शर्ट झाडावर राहिला आणि मुलगा मोकळा झाला. मास्तरांनी त्याला आपला सदरा दिला.

मुलाची आई म्हणाली, "चला आता. कळवतो आम्ही."

"कळवायचं काय?" सदऱ्याची बटणं लावत मुलगा म्हणाला. "मला पसंत आहे."

"अरे, तू तिच्याशी बोललास तरी का?"

"ती बोलली ना. 'हलू नका' म्हणाली."

लग्नाला आम्हा तिघांना आमंत्रण होतं. साहेबांनी त्या दिवशीच्या रिपोर्टात एक ओळ घातली. 'मिश्रण दुपारपर्यंत ओले राहते. यापुढे पाटी लावावी.'

* * *

आता शेवटचा. यातलं झाड पुढे जगलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही त्याची काळजी करत बसणार नाही.

बोरिवलीला डोंगराच्या बाजूला दोन भाऊ राहायचे. थोरले हरीभाऊ, धाकटे नारायण. वडील गेल्यावर वाडीच्या वाटण्या झाल्या आणि सीमेची रेघ नेमकी वडिलांनी लावलेल्या काजूतून गेली. झाड सोडायला दोघंही तयार नव्हते. मग दोघांनी दोन्हीकडून पुरुषभर उंचीचे पत्रे ठोकत आणले, ते थेट बुंध्यापर्यंत. अर्धं झाड इकडे, अर्धं तिकडे. त्या दिवसापासून एकमेकांशी बोलणं बंद. याला अकरा वर्षं झाली होती. त्यांची आई सहा महिने एकाकडे जेवायची, सहा महिने दुसऱ्याकडे. तिला दिसत नव्हतं. रस्त्यावरून कोणीतरी हात धरून तिला या दारातून त्या दारात पोचवायचं.

आधी हरीभाऊंचं पत्र आलं. 'माझ्या बाजूच्या अर्ध्या झाडाला कीड लागली आहे.' आठवड्याने नारायणचं आलं. 'माझ्या बाजूच्या अर्ध्या झाडाला कीड लागली आहे.' साहेबांनी दोन्ही पत्रं एका टाचणीने जोडली.

तिथे गेलो तर अटी सुरू. हरीभाऊ म्हणाले, "त्याच्या अंगणात पाय ठेवलेला माणूस माझ्या अंगणात नको." नारायणचंही तेच. मग गावडे थोरल्याकडे, मी धाकट्याकडे आणि साहेब मधे रस्त्यावर, दोघांनाही ऐकू जाईल असे उभे राहिले.

नियम असा होता, की बुंध्याची निम्म्याहून जास्त साल खाल्ली गेली असेल तर झाड वाचत नाही. ते मुळासकट काढून जाळायचं, नाहीतर कीड शेजारच्या झाडांत जाते. पत्र्यामुळे टेप पूर्ण फिरेना. गावडेने तिकडचं मोजून ओरडून सांगितलं, मी इकडचं. साहेबांनी रस्त्यावर बेरीज केली. निम्म्याला दोन बोटं कमी.

"वाचेल," साहेब म्हणाले. "पण दोन्हीकडून आजच्या आज काम झालं पाहिजे. एक बाजू राहिली तर दुसरीचा उपयोग नाही."

"माझी बाजू करा," पत्र्याच्या दोन्ही अंगांनी उत्तर आलं.

आम्ही सुरुवात केली. वरच्या अळ्या छिन्नीने निघतात. खोल गेलेल्या काढायला टोकाशी वाकवलेली लांब तार असते. ती भोकात घालायची, अळीला आकडा लागला की ओढायची. नारायण माझ्याजवळ पालथ्या टोपलीवर बसून बघत होता. मी छिन्नी मारली की त्याचा खांदा उडायचा. "हळू ना रे. बापानं लावलंय ते."

पलीकडे काय चाललं होतं, ते मला गावडेने नंतर सांगितलं. हरीभाऊंना त्याचं काम पसंत पडेना. त्यांनी तार हिसकावून घेतली, स्वतः गुडघ्यावर बसले आणि एका मोठ्या भोकात ती सारत राहिले. आत सगळं पोकळ झालेलं. तार जात राहिली.

इकडे माझ्यासमोर, मी हातही न लावलेल्या एका भोकातून, भुसा गळायला लागला.

"हे काय?" नारायण उठला.

भोकातून तारेचं वाकडं टोक बाहेर आलं. ते थोडं हललं, डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं. नारायणने ते पकडलं आणि ओढलं. तार पलीकडून ओढली गेली. त्याने पुन्हा ओढली, पलीकडूनही पुन्हा. मी बाजूला सरकलो. खोडात करकर आवाज येत होता आणि दोन्हीकडून एक अक्षर नाही.

मग पत्र्यापलीकडून आवाज आला. "सोड."

नारायणने माझ्याकडे बघितलं, जसा काही मीच बोललो. मग त्या भोकाकडे तोंड करून म्हणाला, "तू सोड."

"माझ्या हाताला लागतंय."

"मग एवढा जोर कशाला लावतोस? पहिल्यापासून तसाच तू!"

पलीकडची ओढ थांबली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात हरीभाऊंचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत. "अळी दिसते का तिकडून?"

नारायण खाली वाकला, एक डोळा मिटून बघितलं. "दिसते. तुझ्या डावीकडे घाल."

"इथे?"

"वर. अजून. हां, हळू."

"मोठी आहे?"

"मोठी आहे रे."

त्या महिन्यात आई थोरल्याकडे होती. ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती, हेही गावडेनेच सांगितलं. दिसत नसलं तरी बोटांना खडे कळायचे. तिचे हात थांबले.

"कोण बोलतंय रे?" तिने मोठ्याने विचारलं.

तार थांबली. पत्र्याच्या अलीकडून आणि पलीकडून एकदम उत्तर गेलं.

"कोणी नाही, आई!"

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि सूप पुन्हा पुढे ओढलं.

मी आणि गावडे आपापल्या फाटकातून रस्त्यावर आलो. साहेब तिथेच उभे होते. आत तार पुन्हा हलायला लागली होती.

गावडे हळूच म्हणाला, "सायबांनू, तार मागून आणू काय?"

"राहू दे," साहेब म्हणाले.